केस गळतात कधी, कारण घडते कधी? शेगावच्या घटनेच्या निमित्ताने

नवी दिल्ली : डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातून आलेल्या बातमीने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांतील लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटत होती, मग केस नुसते ओढले तरी मुठीत येत होते आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडत होते. बाधितांमध्ये स्त्रिया होत्या, पुरुष होते, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली होत्या आणि शाळकरी मुलेही होती. दिल्लीत मुख्यालय असलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत दाखल झाली. पाण्याचे, रक्ताचे, त्वचेचे आणि केसांचे नमुने गोळा करण्यात आले.

गावकऱ्यांचे प्रश्न दोनच होते. हे कशामुळे झाले आणि केस पुन्हा येतील का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायची तर केस मुळाशी कसा घडतो, किती काळ वाढतो आणि कोणत्या क्रमाने गळतो, हे समजून घ्यावे लागते. केसांना स्वतःचे एक वेळापत्रक असते. गळती कधी सुरू झाली, किती वेगाने झाली आणि गळालेल्या केसाचे टोक कसे आहे, एवढ्यावरून जाणकार डॉक्टर कारणाचा बराचसा माग काढू शकतो. शेगावच्या घटनेत हेच वेळापत्रक महत्त्वाचे ठरले. दिल्ली आणि परिसरातील दवाखान्यांत केसगळतीची तक्रार घेऊन येणाऱ्या असंख्य रुग्णांच्या बाबतीतही तेच उपयोगी पडते.

जिवंत मूळ, निर्जीव धागा

आपण ज्याला केस म्हणतो, तो डोळ्यांना दिसणारा धागा निर्जीव असतो. म्हणूनच तो कापताना वेदना होत नाहीत. जिवंत भाग त्वचेच्या आत, काही मिलिमीटर खोल असतो. त्याला केशकूप म्हणतात. या कूपाच्या तळाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी वेढलेला एक अंकुर असतो आणि त्याच्याभोवतीच्या पेशी अतिशय वेगाने विभागत राहतात. शरीरातील सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या पेशींमध्ये त्यांची गणना होते. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकताना त्या केराटिन नावाच्या प्रथिनाने भरून जातात, कोरड्या होतात, मरतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून धागा तयार होतो. त्याच ठिकाणी मेलॅनिन हे रंगद्रव्य केसात मिसळते. ते मिसळणे थांबले की केस पांढरा उगवतो.

केराटिनला बळकटी देण्याचे काम गंधक करते. या प्रथिनात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल विपुल असते आणि दोन सिस्टीनमधील गंधकाचे अणू परस्परांशी जोडले जाऊन प्रथिनाचे धागे एकत्र बांधले जातात. केस जळताना येणारा उग्र वास या गंधकाचाच. नखे, जनावरांची शिंगे आणि खूर हेही केराटिनचेच बनलेले असतात. पुढे शेगावच्या घटनेत ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख केशकूप असतात आणि त्यांपैकी साधारण एक लाख डोक्यावर असतात. हे सर्व कूप गर्भावस्थेतच तयार होतात. जन्मानंतर त्यांत भर पडत नाही. बाळाचे जावळ काढल्याने केस दाट येतात, ही समजूत त्यामुळे शास्त्राला धरून नाही. वस्तरा निर्जीव धागा कापतो, मुळापर्यंत पोहोचत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे नवा केस जाड भासतो, इतकेच. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांचे मोजमाप करून वस्तऱ्याने केसाची जाडी वा वाढीचा वेग बदलत नाही, असे दाखवले होते.

वाढ, विसावा आणि नवा आरंभ

प्रत्येक केशकूप आयुष्यभर एका चक्रातून जात राहतो. पहिली अवस्था वाढीची. वैद्यकशास्त्रात तिला ॲनाजेन म्हणतात. डोक्यावरील केसांच्या बाबतीत ती साधारण दोन ते सहा वर्षे चालते आणि या काळात केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. कुणाचे केस किती लांब वाढू शकतात, हे प्रामुख्याने या अवस्थेच्या कालावधीवर अवलंबून असते. भुवयांच्या केसांची वाढीची अवस्था काही महिन्यांचीच असते, म्हणून भुवया कधी खांद्यावर रुळत नाहीत.

दुसरी अवस्था संक्रमणाची, म्हणजे कॅटाजेन. दोन-तीन आठवड्यांत कूपाचा खालचा भाग आक्रसतो, पेशींची विभागणी थांबते आणि केस रक्तपुरवठ्यापासून सुटा होतो. तिसरी अवस्था विश्रांतीची, म्हणजे टेलोजेन. सुमारे तीन महिने केस आपल्या जागी नुसता अडकून राहतो. त्याच्या टोकाशी पांढरी, बारीक गाठ तयार झालेली असते. पुढे त्याच कूपात नवा केस उगवू लागतो आणि जुना निखळून पडतो. गळालेल्या केसाच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसला की अनेकांना मूळच उपटून आल्याची धास्ती वाटते. वास्तविक तो ठिपका म्हणजे केसाने आपला काळ पूर्ण केल्याची खूण असते. मूळ त्वचेतच राहिलेले असते.

निरोगी डोक्यावर कोणत्याही वेळी सुमारे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीत असतात. अनेक प्राण्यांचे केस ऋतुमानानुसार एकदम झडतात. माणसाचे कूप मात्र एकमेकांशी ताळमेळ न ठेवता आपापल्या गतीने चालतात, म्हणून आपले डोके कधी एकदम उघडे पडत नाही. एक लाख केस आणि प्रत्येकाचे आयुष्य सरासरी एक हजार दिवस धरले, तर रोज शंभर केस गळणे हा साधा हिशेब ठरतो. दुसरीकडे, एक लाख केस महिन्याला एक-एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे डोक्यावर दरमहा एकूण एक किलोमीटर लांबीचा नवा धागा विणला जातो. एवढ्या कामाला प्रथिने, लोह, जस्त आणि ऊर्जा यांचा पुरवठा अखंड लागतो. शरीरावर संकट आले की ते हृदय आणि मेंदूचा पुरवठा आधी सांभाळते. केसांचा क्रमांक शेवटचा लागतो.

गळतीच्या दोन तऱ्हा

केशचक्रात अडथळा आला की गळती होते, पण अडथळा कोणत्या अवस्थेत आला यावर तिचे स्वरूप ठरते.

पहिली तऱ्हा उशिरा येणारी. तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, अपघात, बाळंतपण, उपासमारीसारखा आहार किंवा मोठा मानसिक धक्का यांमुळे वाढीच्या अवस्थेतील अनेक केस मुदतीआधीच विश्रांतीत जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. विश्रांतीचा काळ संपला की, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, ते सगळे केस एकाच सुमारास निखळू लागतात. तोवर आजारपण विस्मरणात गेलेले असते आणि माणूस नव्या शाम्पूला किंवा बदललेल्या पाण्याला दोष देतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केसांची वाढीची अवस्था लांबते, केस दाट दिसतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत तो सारा अनुशेष एकदम भरून निघतो. बाळ माणसे ओळखू लागण्याच्या सुमारास आईचे केस गळतात, हे घरातल्या जाणत्या स्त्रियांचे निरीक्षण या वेळापत्रकाशी चांगलेच जुळते. या प्रकारात डोक्यावरचे सर्व केस सहसा जात नाहीत. केस विरळ होतात आणि कारण दूर झालेले असेल तर सहा महिन्यांच्या आसपास गळती आपोआप थांबते.

दुसरी तऱ्हा झपाट्याने येणारी. वाढीच्या अवस्थेतील पेशींवरच विषारी आघात झाला तर केसाची घडण मध्येच बिघडते. तो मुळाजवळ बारीक आणि ठिसूळ होतो आणि तिथेच तुटतो. दहापैकी नऊ केस याच अवस्थेत असल्यामुळे काही दिवसांत किंवा आठवड्यांत जवळजवळ संपूर्ण डोके उघडे पडू शकते. कर्करोगाच्या केमोथेरपीत केस जातात ते याच कारणाने. वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारणे हे त्या औषधांचे काम असते आणि केशमूळ विनाकारण त्यांच्या तडाख्यात सापडते. थॅलियम आणि आर्सेनिकसारखी विषेही असाच परिणाम घडवतात.

शेगावमध्ये काय घडले

या दोन तऱ्हा लक्षात घेतल्या की शेगावच्या घटनेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. सुरुवातीला संशय बुरशीच्या संसर्गावर होता. गजकर्णासारख्या बुरशीने केस जातात, पण ते चट्ट्याचट्ट्यांनी, हळूहळू आणि त्वचेवर खवले दाखवत. एकाच सुमारास अनेक गावांत, संपूर्ण डोक्यावर आणि चार दिवसांत असे घडणे बुरशीच्या स्वभावात बसत नाही.

दुसरा संशय पाण्यावर होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा काही भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारट आहे आणि त्याचा त्रास लोक पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले आहेत. त्यामुळे पाण्याकडे बोट दाखवले जाणे स्वाभाविक होते. मात्र खारट पाण्याने डोके धुतल्यास परिणाम होतो तो निर्जीव धाग्यावर. केस राठ होतो, गुंततो, तुटतो. मुळापासून चार दिवसांत केस सुटायचा असेल तर त्याला कारणीभूत पदार्थ रक्तावाटे कूपापर्यंत पोहोचायला हवा, म्हणजेच तो पोटात गेलेला असायला हवा. शिवाय खारे पाणी या गावांत पूर्वीपासून होते आणि गळती मात्र एकाच हिवाळ्यात उद्भवली. अलीकडे नव्याने काय पोटात गेले, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला.

विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे, रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी या गावांना भेट देऊन स्वतंत्रपणे तपास केला. २०२२ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेल्या बावस्कर यांच्या नोंदीनुसार १८ गावांतील २७९ जणांना ही बाधा झाली होती. केस जाण्याबरोबरच डोकेदुखी, ताप, डोक्याला खाज, मुंग्या येणे, उलट्या आणि जुलाब अशाही तक्रारी रुग्णांनी सांगितल्या होत्या. तपासलेल्या नमुन्यांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले, तर जस्ताचे प्रमाण घटलेले होते. शिधावाटप दुकानांतून मिळालेल्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते. नेहमीचे प्रमाण त्यांनी १.९ मिलिग्रॅम असे नोंदवले. पंजाब-हरियाणातून आलेला हा गहू कारणीभूत असल्याचा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केला.

दाण्यातून मुळापर्यंत

सेलेनियम हे विष म्हणून प्रसिद्ध नाही. अल्प प्रमाणात ते शरीराला आवश्यकच असते. थायरॉईड ग्रंथीचे कार्य आणि पेशींचे संरक्षण यांसाठी ते लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी रोज ४० मायक्रोग्रॅम सेलेनियमची शिफारस केली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. अमेरिकेतील तज्ज्ञांनी कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती २५५ पर्यंत खाली आणली आणि तसे करताना केस गळणे हेच अतिरेकाचे आरंभीचे लक्षण मानले.

आता ढोबळ हिशेब करून पाहू. किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम असलेल्या गव्हाच्या पोळ्या रोज ३०० ग्रॅम पिठाच्या केल्या, तर खाणाऱ्याच्या पोटात सुमारे ४,४०० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. शिफारशीच्या शंभर पटींहून अधिक आणि अमेरिकी कमाल मर्यादेच्याही सुमारे अकरा पट.

या आकड्याला एक जुनी तुलना उपलब्ध आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात अशीच साथ आली होती. दुष्काळात भाताचे पीक बुडाले आणि लोकांना स्थानिक मका व भाजीपाल्यावर गुजराण करावी लागली. तेथील माती कोळसायुक्त खडकांमुळे सेलेनियमने भरलेली होती. केस आणि नखे गळणे हे रोगाचे प्रमुख लक्षण होते. चिनी संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या भागातील लोकांचे रोजचे सेलेनियमसेवन सरासरी सुमारे पाच हजार मायक्रोग्रॅम असल्याचे नोंदले गेले. शेगावच्या गव्हाचा हिशेब या आकड्याच्या जवळ जातो.

पंजाबातील अशा मातीची माहितीही नवी नाही. नवांशहर, म्हणजे आताचा शहीद भगतसिंग नगर जिल्हा, आणि होशियारपूर यांच्या काही भागांत शिवालिक टेकड्यांतून वाहून आलेल्या गाळामुळे जमिनीत सेलेनियम साचलेले आहे. १९८० च्या दशकापासून लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. त्या पट्ट्यातील जनावरांचे केस झडणे आणि खुरांना भेगा पडून ते गळणे हे शेतकऱ्यांना परिचयाचे होते. अमेरिकेतही १८५६ मध्ये टी. सी. मॅडिसन या लष्करी शल्यचिकित्सकाने घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळून खूर निखळल्याची नोंद केली होती. त्यामागे सेलेनियम असल्याचे १९३० च्या दशकात उलगडले. पंजाबातील असा भूभाग मर्यादित आहे, त्यामुळे तेथील सरसकट सर्व गव्हाकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

सेलेनियम केसांवरच का उठते, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली बसते. दोघांची रासायनिक वर्तणूक इतकी सारखी की वनस्पतीची मुळे गंधक समजून सेलेनियम शोषून घेतात आणि धान्याच्या प्रथिनात ते गंधकाच्या जागी जाऊन बसते. दाणा धुऊन किंवा पाखडून ते निघत नाही, कारण ते दाण्यावर नसते, दाण्यात असते. माणसाच्या केशमुळातही हीच अदलाबदल होते, असे मानले जाते. ज्या गंधकाच्या जोडांनी केराटिनला बळकटी येते, त्यांच्या जागी सेलेनियम शिरले की वीण ढिली पडते आणि केस मुळाशी कमकुवत होतो.

नखांची साक्ष

एप्रिल २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील त्याच परिसरातून दुसरी बातमी आली. आधी केस गेलेल्या काही जणांची नखे विद्रूप होऊन गळू लागली होती. गावांत पुन्हा भीती पसरली. मात्र केराटिनचे वेळापत्रक पाहता ही नवी साथ मानण्याचे कारण नव्हते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते आणि पूर्ण बदलायला त्याला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. जानेवारीच्या आधी नखाच्या मुळाशी झालेली इजा नजरेला येईल अशा ठिकाणी पोहोचायला वसंत ऋतू उजाडणे अपेक्षितच होते. केस आणि नखे एकाच द्रव्याची, एकाच आघाताची साक्ष देत होती. फरक होता तो त्यांच्या गतीचा.

याच गुणधर्मामुळे केस हा शरीराचा नोंदपटही ठरतो. मुळाशी घडत असताना रक्तात जे असेल ते केसात मिसळते आणि केस वर सरकला तरी तिथेच राहते. टाळूलगतचा पहिला सेंटिमीटर गेल्या महिन्याचा, दुसरा त्याआधीच्या महिन्याचा. विषप्रयोगाच्या तपासात न्यायवैद्यक तज्ज्ञ केसाचे तुकडे करून तपासतात ते याच तत्त्वावर. रक्तातून पदार्थ काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतो, केसात तो केस कापला जाईपर्यंत टिकतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे होते. संशयित गहू खाणे थांबवल्यानंतर पाच-सहा आठवड्यांत काहींच्या डोक्यावर अंशतः नवे केस दिसू लागल्याचे बावस्कर यांनी नमूद केले. अशा विषबाधेत धागा तुटतो, पण कूप नष्ट होत नाही. विषाचा पुरवठा थांबला की तो पुन्हा कामाला लागतो. मधल्या काळात मात्र गावकऱ्यांनी बरेच सोसले. लोकांच्या नजरा टाळण्यासाठी अनेकांनी मुंडण करून घेतले. तरुण मुलामुलींच्या शिक्षणात आणि विवाहाच्या बोलणीत अडथळे आले. केस परत येतात, ही साधी माहिती पहिल्या आठवड्यात गावात पोहोचली असती, तर यातला काही त्रास नक्कीच टळला असता.

या घटनेने सार्वजनिक वितरणासाठीही एक प्रश्न उभा केला आहे. धान्यखरेदीच्या नेहमीच्या निकषांत ओलावा, काडीकचरा, तुटके आणि आक्रसलेले दाणे पाहिले जातात. दाण्याच्या प्रथिनात दडलेले मूलद्रव्य असे डोळ्यांनी वा चाळणीने सापडत नाही. जिथे अनेक शेतांचे धान्य एकमेकांत मिसळते, तिथे एखाद्या शेतातील अतिरेक विरून जातो. एकाच पट्ट्यातील माल सलग एकाच तालुक्यात गेला आणि कुटुंबाचा आहारही त्या एकाच धान्यावर अवलंबून असला, तर धोका वाढतो. विविध धान्यांचा आहार हे म्हणूनच पोषणाबरोबर संरक्षणाचेही साधन आहे.

राजधानीतील तक्रारी

शेगावहून दिल्लीकडे वळल्यावर चित्र वेगळे दिसते, पण गोंधळ तोच असतो. गुरुग्राम, नोएडा, फरिदाबाद या भागांत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या लोकांत ‘इथल्या पाण्याने केस गेले’ ही तक्रार हमखास ऐकू येते. कूपनलिकेच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. साबणाचा फेस नीट होत नाही आणि केसांवर थर बसून ते कोरडे भासतात. अशा पाण्याने केसाच्या धाग्याची ताकद किती घटते, याविषयी प्रयोगांची उत्तरे एकसारखी नाहीत. पण हा परिणाम धाग्यापुरताच राहतो. मूळ त्यातून सुरक्षित असते. न्हाणीघरात सापडलेला केस आखूड, तुटका आणि गाठीविना असेल तर पाण्याला, रासायनिक उपचारांना किंवा इस्तरीच्या उष्णतेला दोष देता येईल. पूर्ण लांबीचा आणि टोकाशी पांढरी गाठ असलेला केस सापडला तर कारण शरीराच्या आत शोधावे लागते.

दुसरा आरोप हिवाळ्यातील धुरावर होतो. हवेतील सूक्ष्म कणांचा केशमुळाच्या पेशींवर विपरीत परिणाम होत असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र बशीतल्या पेशींवर जे घडते ते माणसाच्या डोक्यावर त्याच प्रमाणात घडते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. कारण शोधताना कॅलेंडरही पाहायला हवे. दिल्लीत डेंग्यू आणि अन्य तापांचा जोर पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये असतो. त्यात दोन-तीन महिने मिळवले की डिसेंबर-जानेवारी उजाडतो. नेमक्या त्याच वेळी शहर धुराने वेढलेले असते आणि दोष त्याच्या माथी जातो. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेतून बरे झालेल्यांपैकी अनेकांना त्यानंतरच्या महिन्यांत अशाच गळतीला सामोरे जावे लागले. विषाणू जाऊन बराच काळ लोटला होता. केसांचे घड्याळ तेवढे मागे होते.

मूळ बारीक होत जाते तेव्हा

सर्वच केसगळती मात्र आपोआप भरून येत नाही. पुरुषांत कपाळाच्या कोपऱ्यांपासून किंवा टाळूच्या मध्यावर आणि स्त्रियांत भांगाच्या रेषेवर वर्षानुवर्षे वाढत जाणारी विरळता आनुवंशिक असते. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला संवेदनशील असलेले कूप प्रत्येक चक्रागणिक लहान होत जातात. वाढीची अवस्था आखूड होते, केस बारीक होत होत लव उरते. येथे एकदम गळती न होता केशचक्रच हळूहळू क्षीण होत जाते. उपचार लवकर सुरू केल्यास फायदा अधिक असतो. मूळचे रक्तदाबावरील औषध असलेले मिनॉक्सिडिल १९८८ मध्ये, तर फिनास्टेराइड १९९७ मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टक्कलावरील उपचार म्हणून मान्य झाले. मिनॉक्सिडिल लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी दिसते, कारण विश्रांतीतील केस बाहेर पडून नव्यांना जागा देतात. हे ठाऊक नसल्याने अनेक जण नेमक्या त्याच वेळी औषध सोडून देतात. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. फिनास्टेराइड गरोदर स्त्रियांसाठी निषिद्ध आहे.

केशरोपणात डोक्याच्या मागच्या बाजूचे, संप्रेरकाला न जुमानणारे कूप काढून विरळ जागी लावले जातात. तिथेही नव्या केसांची निर्मिती होत नाही, असलेल्यांची जागा तेवढी बदलते. दिल्ली परिसरात अशा केंद्रांचे पेव फुटले आहे. केशरोपणानंतर झालेल्या मृत्यूचे एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशी शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावी, केवळ कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून ती शिकता येत नाही, असे स्पष्ट केले. तात्पुरत्या गळतीच्या ऐन भरात, घाबरलेल्या मनाने असा निर्णय घेणे हिताचे नसते. सहा महिने थांबल्यास त्यांपैकी अनेकांना शस्त्रक्रियेची गरजच उरणार नाही.

केसांसाठीच्या गोळ्यांबाबतही सावधगिरी हवी. लोह किंवा थायरॉईडची कमतरता तपासणीत आढळल्यास ती भरून काढणे उपयुक्त असते. कमतरता नसताना घेतलेल्या गोळीने केस अधिक येतात, याला भक्कम आधार नाही. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉईड आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. अशा अनेक गोळ्यांत सेलेनियमही असते. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात घोषित प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम चुकून मिसळले गेले. दहा राज्यांतील २०१ जणांना बाधा झाली आणि त्यांपैकी बहुतेकांचे केस गळले. आरोग्यासाठी घेतलेल्या बाटलीनेच त्यांचे केस घालवले.

काय पाहावे, केव्हा जावे

रोज शंभरच्या आसपास केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळत असतील तर आधी मागच्या तीन महिन्यांचा आढावा घ्यावा. ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने घटवलेले वजन, नवे औषध यांपैकी काही आठवले तर पुरेसा आहार घेत काही महिने धीर धरणे योग्य ठरते. थकवा, अनियमित पाळी किंवा वजनातील बदल सोबत असल्यास हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. गोल चट्टे पडत असतील, त्वचा लाल, खवलेदार किंवा व्रण पडल्यासारखी दिसत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई करू नये, कारण व्रणामुळे नष्ट झालेला कूप परत येत नाही.

आणि केस काही दिवसांतच मुठीमुठीने जात असतील, घरातील वा शेजारच्या एकाहून अधिक माणसांना एकाच वेळी तसे होत असेल, तर तेल आणि शाम्पू बदलण्यात वेळ न घालवता आरोग्य केंद्राला कळवावे. गेल्या काही आठवड्यांत घरात आलेले धान्य, पाणी आणि औषधे यांचे नमुने जपून ठेवावेत आणि गळालेले केसही फेकू नयेत. शेगावमध्ये कारणाचा माग लागला तो अशाच केसांच्या आणि गव्हाच्या नमुन्यांवरून.